टोकाच्या माणसाची हाळी

सविता भोयेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्याशी भांडायला आली होती.

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं की डाव्या हाताला माझं शेतीच्या औषधांचं दुकान लागतं. नवरा गेल्यापासून ते मीच चालवते आणि गिऱ्हाईकं म्हणतात, दुकानातल्या सगळ्या बाटल्यांपेक्षा योगिनीबाईंची जीभ जालीम. म्हणू देत. द्राक्षवाल्यांच्या मुलखात मवाळ बोलून दुकान चालत नाही. काउंटरवर कोपर टेकून माणसं दोनच गोष्टी विचारतात, वेलीवरचा डावणी रोग जाईल का आणि घडावर डाग पडेल का. ह्या औषधानं माणसाचं काय होईल, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते ह्या पोरीनं विचारलं. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला टोपी, आणि हातात माझ्याच दुकानातली बाटली.

"काकू, ह्याच्या पाठीमागं लिवलंय, डोळ्यात गेलं तर धुवा. किती वेळ धुवायचं? कोणत्या पाण्यानं?"

"अगं बाई, मी हे डोळ्यात घालायला विकत नाही," मी म्हटलं.

"तुमी नाय घालत. वारा घालतो."

दुकानातली माणसं हसली. मला राग आला, आणि त्याच रागात मी चष्मा लावून बाटलीमागची मुंगीएवढी अक्षरं वाचायला बसले. वाचून सांगितलं, स्वच्छ पाण्यानं, पापण्या उघड्या धरून, भरपूर वेळ. तिनं मान डोलावली आणि जाताना रिकामे कॅन कुठे मिळतील ते विचारून गेली. तेव्हापासून तिच्या गाडीवर पिण्याच्या पाण्याचे दोन भरलेले कॅन असायचेच. ड्रोन विसरली असती एखादवेळ, कॅन विसरली नसती.

सविता ड्रोननं द्राक्षबागांवर फवारणी करायची. मूळ घर सुरगाण्याच्या डोंगरात. भात-नागली घरात आली की तिकडची माणसं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आमच्याकडे बागांच्या कामाला उतरतात. तिची आई अक्काबाई तशीच उतरायची. पुढे बाप काळूबाबा एका बागेवर राखणदार म्हणून राहिला आणि भोये कुटुंब इथलंच झालं.

काळूबाबा तरणेपणी विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. खडक लागला की सुरुंग. वात पेटवणारा विहिरीच्या तळाशी, त्याला आभाळाच्या गोल तुकड्याशिवाय काही दिसत नाही. वर काठावर एक जण उभा. खालचा ओरडून विचारणार, "रान मोकळं?" वरचा चारी बाजूंनी फिरून बघणार, कुठे गुराखी नाही, पाण्याला आलेली बाई नाही, आणि मगच हाळी देणार, "मोकळं!" ती हाळी आल्याशिवाय काडी ओढायची नाही. काळूबाबाला एका कानानं कमी ऐकू येतं, ती त्याच दिवसांची देणगी. भोयांच्या घरात पोरांनी शिव्या दिलेल्या चालायच्या, बोरं चोरलेली चालायची. पण खेळताखेळता जरी कोणी खोटी हाळी दिली तरी म्हातारा कानाखाली काढायचा.

नाशिकच्या एका संस्थेनं बचत गटातल्या मुलींना ड्रोन शिकवायचं काढलं तेव्हा सविता बारावी होऊन घरी बसली होती. ती गेली, शिकली, परीक्षा देऊन उडवण्याचं सर्टिफिकेट घेऊन आली. मशीन संस्थेचं, मेहनत हिची. शिकवणाऱ्या सुयश सरांनी सांगितलं होतं की उडवणाऱ्यानं नजर मशीनवरून हलवायची नाही, आणि जमिनीवर कोण येतंय-जातंय ते बघायला समोरच्या टोकाला दुसरा माणूस पाहिजे. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी ते पाठ केलं. सविताला पाठ करावं लागलं नाही. ती घरी येऊन बापाला म्हणाली, "बाबा, हे तर आपलं विहिरीचंच हाय."

म्हणून तिच्या मशीनचीही तीच रीत पडली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तिचा माणूस. ती विचारणार, "रान मोकळं?" तो बघून सांगणार. त्याला ती टोकाचा माणूस म्हणायची. बघायचं कसं, हेही तिनं ठरवून दिलं होतं. आमच्याकडे द्राक्षाचे वेल तारांच्या मांडवावर पसरलेले असतात. वरून बघाल तर नुसता पानांचा गालिचा दिसतो. त्या पानांखाली बाया घड विरळत बसलेल्या असतात, भाकरी खात असतात, कधी कंबर टेकून पडलेल्या असतात. उंचावर चढलं की जास्त दिसतं, हे मांडवाच्या बागेत खोटं आहे. इथे खाली वाकावं लागतं. टोकाच्या माणसानं प्रत्येक ओळीच्या तोंडाशी जायचं, वाकायचं, ओळ आरपार बघायची, मग पुढची. सगळ्या ओळी झाल्या की हाळी.

ह्या कारभाराला वेळ लागायचा आणि बागायतदारांच्या पोटात दुखायचं. वारा वाढला की ती मशीन गाडीत भरायची. बांबूला जुन्या पातळाची चिंधी बांधलेली, ती जास्त फडफडली की काम बंद, समोर कोणीही असो. ओझरच्या विमानतळाच्या बाजूच्या बागांना तर ती सरळ नाही म्हणायची. "तिकडं खरी विमानं येत्यात दादा, त्यांना माझी हाळी ऐकू जायची नाय." एका हौशी बापाला मुलाच्या लग्नात तिच्या ड्रोननं वऱ्हाडावर गुलाबपाणी शिंपडून पाहिजे होतं. ती म्हणाली, माणसांच्या डोक्यावरून माझं मशीन जात नाही, आणि ज्या टाकीत मी औषध भरते तिच्यातलं गुलाबपाणी आधी तुम्ही पिऊन दाखवा. तेव्हापासून लोक तिला नियमबाई म्हणायला लागले. मीही म्हणायचे. तिला आवडायचं ते.

आता सुनील.

सुनील तिच्या पाठचा. दिसायला देखणा, बोलायला गोड, हसला की समोरच्याचा राग अर्धा उतरावा असा. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, तिथे कंत्राट संपलं आणि तो घरी आला. दिवसभर पारावर बसू लागला. अक्काबाईला घोर लागला, कारण पेठकडच्या एका मुलीशी त्याची बोलणी चालू होती. सविताचा टोकाचा माणूस तेव्हा गावातला एक म्हातारा होता, त्याचे गुडघे वाकायला कुरकुरायचे. सवितानं त्याच्याशी नीट बोलून त्याला मोकळीक दिली आणि भावाला घेतलं.

नुसतं घेतलं नाही. संध्याकाळी त्याला पुस्तक घेऊन बसवायची. सुयश सरांच्या मागे लागून तिनं त्यालाही परीक्षेला बसवलं आणि त्यालाही सर्टिफिकेट मिळालं. मी म्हटलं, "अगं, एका मशीनला दोन पायलट कशाला? उद्या तुझ्याच जागेवर बसेल." ती माझ्यावर डाफरली. "काकू, तुमचं डोकं म्हणजे ना, त्या बाटल्यांचा वास चढलाय त्याला. भाऊ हाय तो माझा."

आणि खरं सांगायचं तर जोडी दृष्ट लागण्यासारखी होती. मी औषध पोचवायला जायचे तेव्हा मुद्दाम थांबून बघायचे. सविता हातात रिमोट घेऊन उभी, मान वर. बागेच्या पलीकडून सुनीलचा आवाज यायचा, "मोकळं!" अगदी बापासारखा खणखणीत. ती त्या दिशेला बघायचीही नाही. आवाज आला की पंखे फिरले. एवढी चिकित्सक पोर, बॅटरी दोनदा तपासणारी, झाकण तीनदा पिळणारी, पण भावाच्या हाळीनंतर तिनं मान वळवून कधी खात्री केली नाही. तो शब्द तपासायचा असतो हे तिच्या मनातच आलं नसणार.

मागच्या मोसमात ऐन घड पोसायच्या दिवसांत आभाळ आलं. ढग हटेनात, मधूनच भुरभुर. अशा हवेत डावणी एका रात्रीत बाग खाते, त्यामुळे सगळ्यांना फवारणी आत्ताच्या आत्ता पाहिजे होती. माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सविताला फोनवर फोन. त्यात हिरामण अण्णांच्या बागेचा नंबर लागला.

त्या दिवशी जे झालं ते मी पुढे इतक्यांदा आणि इतक्या तोंडांनी ऐकलं की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. बायांना रीतीप्रमाणे बागेबाहेर रस्त्यावर काढलं होतं, हाळी कानावर पडणार नाही इतक्या लांब. त्यांत सुरगाण्याची कुसाबाई होती, भोयांच्याच गावची, सविता तिला मावशी म्हणायची. कुसाबाईचं भाकरीचं फडकं आत मांडवाच्या तारेला लटकलेलं राहिलं होतं. त्यावर औषध पडलं तर दिवसभर उपाशी राहावं लागेल म्हणून ती परत आत शिरली. कोणाला सांगून गेली नाही, आत्ता येते म्हणून गेली.

सुनील पलीकडच्या टोकाला होता. पावसानं ओळींच्या तोंडाशी चिखल झाला होता आणि त्याच्या पायात नाशिकहून आणलेले नवे पांढरे बूट होते. तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून उभा राहिला. तिथून त्याला सगळी बाग दिसली, म्हणजे सगळी पानं दिसली.

"रान मोकळं?" सवितानं विचारलं.

"मोकळं!"

मशीन उठलं. ड्रोनच्या पंख्यांचा वारा औषधाला पानांतून खाली दाबतो, तोच तर त्याचा फायदा. मधल्या ओळीवरून ते गेलं आणि खालून किंकाळी आली. सवितानं तिथल्या तिथे फवारा बंद केला, मशीन वर घेतलं, मोकळ्या वावरात नेऊन उतरवलं, पंखे थांबेपर्यंत रिमोट हातातून सोडला नाही आणि मग पाण्याचे कॅन उचलून धावली. कुसाबाई तोंड धरून चिखलात बसली होती. तिच्या पापण्या उघड्या धरून सविता पाणी ओतत राहिली, मला लावलेला फोन खांद्यात दाबून ओरडत होती, "काकू, त्यात काय-काय होतं ते डॉक्टरला सांगा!" मी सांगितलं. अण्णांच्या गाडीतून कुसाबाईला नाशिकला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, इतकं पाणी घातलं नसतं तर दोन्ही डोळे गेले असते. उजवा वाचला. डाव्यावर पडदा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या ओट्यावर सगळे जमले. संस्थेकडून सुयश सर आले होते, बायांचा मुकादम होता, काळूबाबा, अक्काबाई, गावातली चार माणसं, आणि मी, कारण औषध माझ्या दुकानचं होतं. सुयश सरांनी विचारलं, काय झालं ते सांग.

सवितानं सांगितलं. काही लपवलं नाही. "मी इचारलं, सुनीलनं मोकळं म्हणून हाळी दिली, मी उठवलं." हे ती भावाकडे बोट दाखवून बोलली नाही. मी तिचं तोंड बघत होते. आता पुढचं तो सांगेल, अशा भरवशानं ती त्याच्याकडे वळली, जसं आपण घरच्या माणसाच्या हातात तांब्या देतो आणि सोडतो.

सुनील म्हणाला, "मी थांब म्हणून वरडलो होतो. ताईला घाई होती. तिनं ऐकलं नाय."

सविता पायरीवरून एक पाऊल त्याच्याजवळ गेली.

"काय म्हणालास?"

"थांब म्हणालो होतो मी," तो म्हणाला. ह्या वेळेला आवाज जरा जास्तच खणखणीत होता.

घाई! नियमबाईला घाई! माझ्या तोंडात आलेलं मी बोलले, "अरे, हिच्या घाईची तक्रार तर आजवर एकानंही केली नाही, उशिराच्याच केल्यात!" पण सभेत एकदा वारं फिरलं की फिरलं. मुकादम म्हणाला, बाई तिथे किंचाळत होती आणि ही मशीन उतरवत बसली, पंखा थांबायची वाट बघत बसली, काळीज आहे का? फिरत्या पंख्याचं मशीन तसंच सोडून धावली असती तर आणखी कोणाचा हात गेला असता, हे त्याला कोण सांगणार. जे तिनं बरोबर केलं होतं त्याचंच तिच्यावर खापर फुटलं. अण्णांनी मान हलवली. अक्काबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माझं पोरगं खोटं कशाला बोलंल?"

काळूबाबा चांगला कान पुढे करून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो लेकाकडे बघत राहिला, मग उठून बागेकडे चालता झाला. त्यानं एक शब्द बोलायला पाहिजे होता, आणि मी त्याला त्याबद्दल माफ केलेलं नाही. ज्या माणसानं खेळातल्या हाळीसाठी पोरांच्या कानाखाली काढली, त्यानं खरी वेळ आली तेव्हा पाठ फिरवली.

सविता सुयश सरांना म्हणाली, "सर, मशीन मी उडवत होते. जबाबदारी माझीच हाय, तुमीच शिकवलंय. मला बंद करा, शिक्षा करा. पण हा खोटं बोलतोय."

सरांनी पहिलं वाक्य धरलं आणि दुसरं सोडून दिलं.

दोन-चार दिवसांनी मी सविताला घेऊन दवाखान्यात गेले. कुसाबाईच्या डोळ्यावर पट्टी होती. सविताचा आवाज ऐकल्याबरोबर ती रडायला लागली. मला वाटलं, शिव्या देणार. तिनं चाचपडून सविताचा हात धरला.

"बाई, मी ऐकलं होतं. मोकळं म्हणला तो. सुनीलच म्हणला. मी आतून वरडणारच होते का मी हाय इथं, तवर ते मशीन आलंच डोक्यावर."

मी म्हटलं, "मग कुसाबाई, हे तू सरांना सांग! आत्ता फोन लावते."

"नाय नाय बाई," ती म्हणाली. "अक्काबाई आली होती. पाया पडली माझ्या. म्हणली, पोराचं लगीन मोडंल. पोलीस नेतील. पोरीचं काय, ती आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायची, तिचं नाव तिकडंच मिटून जाईल. पोराला इथंच ऱ्हायचंय. एका गावची आमी, मी काय करू?"

मी सविताकडे पाहिलं. भावानं केलेलं तिनं उभ्यानं सोसलं होतं. हे ऐकून ती पलंगाच्या कडेवर बसली. आईनं सभेत पोरावर विश्वास ठेवला असं ती समजत होती. आईला खरं माहीत होतं, आणि ते दाबायला ती बसचं तिकीट काढून नाशिकला आली होती, हे आता कळलं. बराच वेळ ती कुसाबाईच्या हातावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "नीज मावशी. नको सांगू कोणाला." आणि बाहेर आल्यावर जिन्यात भिंतीला टेकून ती रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. सुयश सरांच्या कार्यालयात जाऊन मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, ती बाई चार लोकांसमोर बोलेल का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग मी काय करू? आणि शेवटी उडवणाराच जबाबदार असतो. मी म्हटलं, सर, ते तिनंच तुम्हाला सांगितलंय, तिला जबाबदारीतून सुटायचं नाही, तिला खोट्यातून सुटायचंय. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो न पिता उठले.

मग जे मी सविताला आधी थट्टेत म्हटलं होतं तेच झालं. तिचं उडवणं बंद, चौकशी होईपर्यंत. मशीन मात्र उभं ठेवून कसं चालेल? सर्टिफिकेट सुनीलकडे होतं, तिनंच मिळवून दिलेलं. मशीन सुनीलच्या हातात गेलं. आणि संस्थेचा निरोप आला की सविताला हवं तर ती टोकाला उभी राहू शकते.

मी भडकले. "थुंक त्यांच्या तोंडावर," मी म्हटलं. "माझ्या दुकानात बस. तुझ्याएवढी औषधं कोणाला कळतात?"

ती माझ्या काउंटरपाशी उभी होती. नेहमीची टोपी नव्हती डोक्याला.

"काकू, मी नाय गेले तर तो कोणाला उभा करंल? पारावरच्या कोणाला तरी. तो वाकंल का? पानाखाली माझ्याच गावच्या बाया असतात."

मी तिच्यासाठी पुढे ओढलेला स्टूल तसाच राहिला आणि ती बागेकडे निघाली.

तर आता सविता टोकाला उभी असते. सुनीलचं लग्न उन्हाळ्यात झालं. ती लग्नात पंगतीला वाढत होती आणि भावजयीला तिनं प्रेमानं घरात घेतलं, त्या मुलीचा काय दोष? आईला चहा देते, बापाच्या कानात औषधाचे थेंब घालते. पण भावाशी ती बोलत नाही. राखीपौर्णिमेला त्यानं तिच्यासाठी पातळ आणून तिच्यासमोर ठेवलं, हात पुढे केला. तिनं त्याच्या हाताला राखी बांधली नाही आणि पातळाला हातही लावला नाही. अक्काबाई माझ्याकडे येऊन रडली की पोरीनं घरात दगड आणून ठेवलाय. मी म्हटलं, अक्काबाई, तो दगड कोणी आणला ते आपण दोघी जाणतो, माझं तोंड उघडू नका. ती गेली.

ह्या मोसमात छाटणीनंतर मी हिरामण अण्णांच्या बागेवर औषध घेऊन गेले. होय, त्याच बागेवर. सुनील रिमोट गळ्यात अडकवून अलीकडच्या टोकाला उभा होता. आता त्याच्या पायात रबरी बूट होते. मी त्याच्याशी बोलले नाही, तोही माझ्याशी बोलला नाही. पलीकडे ओळींच्या टोकाशी सविताची टोपी दिसायची, बुडायची, पुन्हा पुढच्या ओळीशी दिसायची. एकेक ओळ ती वाकून बघत होती. एका ओळीतून तिनं एका बाईला उठवून बाहेर काढलं. त्या बाईच्या हातात कसलंसं फडकं होतं.

सगळ्या ओळी झाल्या आणि टोपी पलीकडच्या कोपऱ्यात थांबली. सुनीलनं विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही. त्यानं तोंडाजवळ दोन्ही हात धरले आणि ओरडला, "ताई! चुकलं माझं! बोल ना गं माझ्याशी!"

बांधावर काढलेल्या बायांनी ऐकलं. अण्णांनी ऐकलं. सभेत ज्यांनी मान हलवली होती त्यातल्या दोघांनी ऐकलं. पलीकडून काहीच आलं नाही. चिंधी फडफडत होती, वारा हळूहळू वाढत होता. टाकीत औषध भरलेलं, मशीन जमिनीवर. सुनीलनं बाहीनं डोळे पुसले. अण्णांनी चिंधीकडे बोट दाखवलं. अजून थोडा वेळ गेला असता तर काम थांबवावंच लागलं असतं.

शेवटी त्यानं जे विचारायचं तेच विचारलं. "रान मोकळं?"

"मोकळं," पलीकडून आवाज आला.

वर्षभरात तिनं त्याच्याशी बोललेला शब्द हाच, रोज एवढाच. सुनीलनं लगेच पंखे फिरवले आणि मशीन उचललं. त्याची नजर मशीनवरून हलली नाही. खात्री करायला त्यानं मान वळवून एकदाही पलीकडे पाहिलं नाही. तो टोकाला असताना तीही कधी बघायची नाही.